मालकांच्या टपालाला दिलेली सूट

मिलिंद,

तू माझ्या पिंपळीच्या घरी तीनदा आला होतास. एकदा पोरीच्या बारावीच्या निकालाचे पेढे खायला, आणि दोनदा आमची बंद पडलेली फोनची लाइन बघायला. लासुर्ण्याला तुझ्या घरी मी पहिल्यांदा आलो ते तू गेल्यावर नवव्या दिवशी. दारात चपला काढत होतो तेव्हा सुजाताताई म्हणाल्या, "या तात्या. ह्ये तुमचं लई नाव काढायचे." मी मान खाली घालून आत गेलो. त्यांना वाटलं, दुःखानं घातली.

तुला सगळं माहीत होतं, एक गोष्ट सोडून. ती सांगायची तर बाकीचंही पहिल्यापासून सांगावं लागेल, कारण हे ऐकणाऱ्यांत तुझी आई असणार आहे आणि तिनं कॉम्प्युटर पाहिलेला नाही. तेव्हा तुला ठाऊक असलेलंच परत सांगतोय, कंटाळू नकोस.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात आपल्या कंपनीत ईमेल आलं. द्राक्षं, डाळिंबं परदेशी पाठवायची म्हणजे तिकडच्या गिऱ्हाइकाशी रोजचं बोलणं आलं. आपलं टपाल पुण्यातल्या एका कंपनीच्या मशीनवर येऊन पडायचं. आपण जळोचीच्या अंगाला असलेल्या आपल्या ऑफिसातून तिकडं फोन लावायचा आणि ते उतरवून घ्यायचं. टेबलं तीन, मशीन तीन, त्यासाठी फोनची लाइन एक. ज्याला वाटेल त्यानं उठावं, फोन लावावा, टपाल घ्यावं. त्याच्याबरोबर आणखी काय येतंय ते कुणी बघायचं नाही. पहिल्याच महिन्यात पॅकहाउसच्या मशीनमध्ये व्हायरस शिरला आणि खोक्यांवर छापायची सगळी लेबलं पुसली गेली. मालकांनी मला बोलावलं. "तात्या, याचा बंदोबस्त करा." मी ऑफिस सुपरिंटेंडंट. बंदोबस्त म्हणजे कुलूप, एवढंच मला कळायचं. बंदोबस्त तू केलास.

काटाघरात एक जुनं मशीन धूळ खात पडलं होतं. ते तू उचलून आणलंस, उघडलंस, आतून मुंग्यांचं वारूळ निघालं. पुण्याच्या त्या कंपनीतल्या माणसाशी तू आठवडाभर फोनवर होतास. तो इंग्रजीत सांगायचा, तू मराठीत विचारायचास, आणि कसं कोण जाणे दोघांचं जमायचं. शेवटी असं ठरलं की पुण्याहून येणारं सगळं टपाल आधी या एकाच मशीनवर उतरेल, दिवसातून चार वेळा. हे मशीन प्रत्येक पत्र आणि त्याला जोडलेली फाईल तपासेल. उघडल्याबरोबर आपोआप काहीतरी करायला लागणारी फाईल असली की ती बाजूला अडकवेल. बाकीचं ज्याचं त्याच्या टेबलावर जाईल. अडकलेलं तू स्वतः बघशील आणि बरं वाटलं तर हातानं सोडशील. पुण्याचा माणूस त्याला गेटवे म्हणायचा. आपल्याकडं दुसऱ्या दिवशीच त्याचा नाका झाला.

पॅकहाउसचे सुपरवायझर शंकरराव दारातून ओरडायचे, "मिल्या, माजी लेबलं नाक्यावर आडकली का रं? चिरीमिरी पाठवू का?"

"पाठवा की. पर पावती मिळायची न्हाय."

तुला माझी सवय माहीत होती. आलेला प्रत्येक ईमेल मी छापून घ्यायचो, त्यावर आवकचा शिक्का मारायचो, नंबर टाकायचो आणि मगच ज्याचं त्याला द्यायचो. तू डोक्याला हात लावायचास. "तात्या, ह्ये पत्र हॉलंडवरनं अर्ध्या मिन्टात आलं आन् तुमच्या शिक्क्यापायी दोन तास बसलं." मी म्हणायचो, आवक नंबर नसलेला कागद बेवारस. पण आठवड्यानं तूच नाक्याच्या मशीनला रोजची नोंद ठेवायला लावलीस. कुठलं पत्र किती वाजता आलं, अडकलं का सुटलं, कुणी सोडलं. मला खुर्चीवर बसवून दाखवलंस. "ही बघा तुमची आवक. हिला शिक्का लागत न्हाय. ही खोटं बोलत न्हाय."

चव्वेचाळिसाव्या वर्षी माझा हात माऊसवर थरथरायचा. ऑफिसातली पोरं बघत असली की जास्तच. तू कधी हसला नाहीस. एकदाच म्हणालास, "ट्रॅक्टर चालवताय न्हवं? त्यो तर पळतोय. ह्यो बसलेलाच हाय." पासवर्डही तू मला कागदावर लिहून दिलास, म्हणालास, माझं काय कमी-जास्त झालं तर कुणाकडं तरी असावा. माझ्या उभ्या नोकरीत माझ्यावर इतका विश्वास ना मालकांनी ठेवला, ना कुणी सख्ख्यानं.

मीटिंगमध्ये मालकांनी कौतुक केलं तेव्हा मी "आम्ही बसवला" म्हणालो. तू शेजारी उभा होतास. त्या "आम्ही"त माझा वाटा म्हणजे एक स्टूल आणि टेबलफॅन.

मग तो वाद झाला. आपल्या मुंबईच्या एजंटानं मालकांना मालाचे फोटो पाठवले होते, आपोआप उघडणाऱ्या पुडक्यात बांधून. नाक्यानं ते अडवले. तू पॅकहाउसला गेला होतास, ते दुपारी चारपर्यंत तसेच राहिले. मालकांच्या केबिनचं दार उघडं होतं, सगळ्यांनी ऐकलं. "माझं टपाल अडवणारा हा कोण?" तू आल्याबरोबर फोटो सोडलेस. मी तुला बाजूला घेतलं.

"मालकांच्या नावाचं तेवढं सरळ जाऊ दे. न तपासता."

"न्हाय तात्या."

"अरे, मालक आहेत ते."

"म्हून तर. नाक्यावर येक गाडी न बघता सोडतात ह्ये कळलं की समदा चोरीचा माल त्याच गाडीतनं जातुया."

"उद्या मला उभं करतील, तुला नाही."

"तर माजं नाव सांगा. मी सांगतो त्यास्नी."

पुढाऱ्याची गाडी आली की नाक्यावरचा शिपाई दांडी आपोआप वर करतो. त्याला कुणी सांगावं लागत नाही. मी तसाच शिपाई. मोठ्या माणसाचं काही तपासायचं म्हणजे त्याचा अपमान करायचा, असंच मी लहानपणापासून बघत आलो. तुझं म्हणणं मला कळलं होतं, मिलिंद. कळूनही ते माझ्यानं होणार नव्हतं.

दसऱ्याला तू सुजाताताईंना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेलास. चार दिवसांची रजा. तिसऱ्या दिवशी मी तुझा कागद खिशातून काढला, नाक्याच्या मशीनवर बसलो आणि एक ओळ घातली. मालकांच्या पत्त्यावर आलेलं टपाल न तपासता सोडावं. तू परत आलास की सांगणार होतो. तू आलास ते माझ्यासाठी संत्र्यांची पिशवी घेऊन. मग आज नको म्हणालो, आणि त्याचे चार महिने झाले.

यंदाचा फेब्रुवारी. द्राक्षाचा हंगाम भरात, रोज कंटेनर. त्या सकाळी नाक्यावर अकरा पत्रं अडकली होती, सगळे घाईत, तू एकेक बघून हातानं सोडलंस. साडेदहाला मालकांच्या नावानं एक पत्र आलं, त्याच एजंटाचं. मालक स्वतः मशीनवर कधी बसत नसत. त्यांचं टपाल मीच उघडायचो, छापायचो, शिक्का मारून आत न्यायचो. मी ती फाईल उघडली. पडद्यावर क्षणभर रंगीत काहीतरी हललं आणि गेलं. मला वाटलं, फोटो बिघडलाय.

तासाभरात मालकांच्या नावानं तेच पत्र त्यांच्या यादीतल्या प्रत्येकाला गेलं. हॉलंडला, इंग्लंडला, मुंबईला. हॉलंडचा फोन आला तेव्हा तू धावत येऊन भिंतीतली टेलिफोनची वायरच उपटलीस. मग दुसऱ्या फोनवर पुण्याला लागलास. तू पाठमोरा होतास. मी नाक्याच्या मशीनवर बसलो आणि ती सूट देणारी ओळ काढून टाकली. त्या दिवसाच्या नोंदीतून त्या एका पत्राची ओळही काढली. मशीनमधलं मला फार काही येत नव्हतं, पण पुसायचं कसं ते तूच शिकवलं होतंस.

का पुसलं? मालकांची भीती होती, हे खरं. पोरगी लग्नाची होती, हेही खरं. पण एक प्रश्न मी नऊ महिने चुकवत आलो. तुझ्या जागी माझ्या भावकीतला पोरगा असता, तर मी इतक्या सहज पुसलं असतं का? नसतं. त्याचा बाप दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसला असता. तुझ्यासाठी कुणी माझ्या ओट्यावर येणार नाही, हे माझ्या हाताला माझ्या आधी ठाऊक होतं. आख्ख्या कागदात हीच ओळ लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तू दुपारभर मशीन तपासलंस. सेटिंग बरोबर. नोंद बरोबर. नोंदीत ते पत्रच नाही, मग मालकांच्या मशीनवर गेलं कसं? तुझा चेहरा मला आठवतो. रागावलेला नव्हता, कोड्यात पडलेला होता. चार वाजता तू माझ्या टेबलाशी आलास.

"तात्या, सकाळी मी अकरा सोडली. त्यातच ह्ये बारावं माज्याच हातनं सुटलं आसंल का?"

मी शिक्का मारत होतो. वर न बघता म्हणालो, "असेल."

एवढंच. खोटं म्हणजे त्या दिवशी एवढंच बोललो. पुढं मला काहीच करावं लागलं नाही, सगळं तूच केलंस. सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेलास आणि म्हणालास, "साहेब, चूक माझ्याकडनं झाली." मालकांनी तुला उद्यापासून मशीनला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकांनी महिनाभर आपलं ईमेल बंद ठेवलं, आणि तो महिनाभर तू पॅकहाउसला क्रेट मोजत उभा होतास. तिथं चहाच्या वेळी शंकरराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वस्तीतल्या पोराच्या हातात किल्ल्या दिल्यावर दुसरं काय हुनार?" चारपाच जण हसले. माझ्या हातात कप होता. मी हसलो नाही, एवढंच स्वतःला सांगत आलो. पण मी चहा संपवला, मिलिंद. सगळा.

मार्च संपता संपता तू यायचा बंद झालास.

जूनमध्ये इंदापूरच्या एसटी स्टँडवर तू मला भेटलास. मी एका लग्नाहून परतत होतो. तुझ्या हातांना वार्निशचा वास येत होता. मोटारी रिवाइंड करायच्या दुकानात लागलो म्हणालास. मला बळंच रसवंतीत नेलंस, आलं-लिंबू घालून रस पाजलास. मी विचारलं, कॉम्प्युटरचं काम का नाही बघत? इंदापुरात आता एक क्लास निघालाय म्हणे.

"बोलवत्यात की. पर नको वाटतंय."

"का रे?"

"तात्या, चूक झाली त्याचं काय न्हाय. मान्साकडनं हुती. पर कुठं झाली त्ये मला अजून घावत न्हाय. जी चूक घावत न्हाय ती पुन्यांदा हुनार. मंग दुसऱ्याच्या मशीनला कशाला हात लावायचा?"

मी ग्लासात बघत बसलो.

"येक विचारू? त्या दिवशी मी पुण्याच्या फोनवर हुतो तवा नाक्याच्या मशीनजवळ कोन आलं हुतं का?"

तू नुसतं विचारत होतास. तुझ्या आवाजात संशय असता तर कदाचित मी बोललो असतो. संशय नव्हता. मी तुझा साक्षीदार होतो, तुला वाटत होतं. आणि तेवढ्यात बारामतीची गाडी लागली. पुढची गाडी अर्ध्या तासानं होती, मला ठाऊक होतं. मी उठलो. "कुणी नव्हतं बघ," म्हणालो आणि चढलो. खिडकीतून पाहिलं तर तू हात हलवत होतास.

मला वाटायचं, तुला आत कुठंतरी कळलं असेल. कळूनही सोडून दिलं असेल. मोठ्या मनाचा आहे म्हणून मी तुझं मनातल्या मनात कौतुकही करायचो. ते मला सोयीचं होतं. तू मला माफ केलंयस, असं मीच परस्पर ठरवून टाकलं होतं. मग ऑक्टोबरात तुझी कावीळ, आणि तू अंगावर काढलीस, आणि आठ दिवसांत सगळं आटपलं.

त्या नवव्या दिवशी सुजाताताईंनी आतून एक दोनशेपानी वही आणून माझ्यापुढं ठेवली. म्हणाल्या, "ह्ये ऑफिसातलं काय हाय का बघा. तुमच्या कामाचं आसंल तर न्या." वहीत ती एक सकाळ होती, वीस पानांवर. ती अकरा पत्रं तू आठवून आठवून लिहिली होतीस. कुणाचं, किती वाजता, कशाची फाईल, आधी कुठलं सोडलं, मग कुठलं. एकदा लिहून खोडलेलं, परत लिहिलेलं, क्रम बदलून परत. बाणांचे आराखडे. मध्येच एके ठिकाणी, "तात्यांना विचारलं. ते म्हणाले, असेल. तात्यांचं लक्ष असतं, म्हणजे असणारच." आणि विसाव्या पानावर, दवाखान्यात जायच्या आधी चारच दिवस, "चूक सापडत नाही. पण चूक माझीच."

तुला काहीही कळलं नव्हतं, मिलिंद. तू माफबिफ काही केलं नव्हतंस. माफ करायला काही आहे, हेच तुला ठाऊक नव्हतं. तू आठ महिने माझी चूक स्वतःच्या हातात शोधत बसलास, आणि तुझ्याइतका हुशार माणूस ती शोधू शकला नाही, कारण मी ती पुसून ठेवली होती.

मी तिथंच सांगितलं. तुझ्या घरात, तुझ्या आईनं दिलेलं पाणी समोर असताना. नागपूर, ती ओळ, साडेदहाची फाईल, पुसणं, एसटी स्टँड. संपल्यावर सुजाताताईंनी विचारलं, "तुमाला कवापासून ठाव हुतं?"

"पहिल्या दिवसापासून."

त्या उठल्या, आत गेल्या. मला वाटलं, आता जावं. तर बाहेर आल्या, डोळे कोरडे होते.

"मला एकटीला सांगून काय उपेग, तात्या? मला ठाऊकच हुतं ते हयगय करनारे न्हाईत. मी त्यास्नी रोज सांगायची. ते माजं ऐकायचे न्हाईत, म्हनायचे तुला त्यातलं कळत न्हाय. ज्यास्नी ठाव न्हाय त्यास्नी सांगा."

"सांगतो. मालकांना लिहून देतो. शंकररावांसमोर सांगतो."

"ते सांगाच. पर आधी हितं." त्यांनी वही उघडून विसावं पान माझ्यापुढं केलं आणि पेन दिलं. "खाली जागा हाय. तितं लिवा."

तुझ्या अक्षराखाली मी लिहिलं. सूट मी दिली होती. फाईल मी उघडली. नोंद मी पुसली. मिलिंदनं सोडलेली अकराही पत्रं बरोबर होती. खाली सही केली. हुद्दा घालू का, म्हणून विचारलं. "घाला," म्हणाल्या. "त्यांनी तुमाला सायबच मानलं."

सोमवारी मालकांना पत्र दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "माणूस गेला, तात्या. आता हे कशाला? आणि यात माझं नाव कशाला?" मी म्हणालो, सूट तुमच्या नावाला होती, साहेब. माझं काय करायचं ते त्यांचं ते ठरवतील. मी त्या पत्रावर आवकचा शिक्का मारला आणि नंबर टाकून फाईलला लावलं, म्हणजे ते कुणाला गहाळ करता येणार नाही.

येत्या रविवारी लासुर्ण्याच्या विहारात तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. हा कागद तिथं मी वाचायचा, असं ठरलंय. पण सुजाताताईंनी एक अट घातलीय. आधी वही. वीसच्या वीस पानं, खोडलेल्या ओळींसकट, काही गाळायचं नाही. मी म्हणालो, लोक कंटाळतील, त्यांना त्यातलं काही कळणार नाही.

"कळू द्या न्हायतर नका कळू देऊ," त्या म्हणाल्या. "ते किती शोधत हुते तेवढं ऐकू द्या. मंग तुमचं वाचा."

घरी वाचून पाहिलं. वही वाचायला पाऊण तास लागतो. माझं दहा मिनिटांत संपतं.